जुन्या फलाटावरचा माणूस

आमच्या घरमालकांना ‘लोडिंग’ हा शब्द सहन होत नसे. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं की ते खुर्ची पुढे ओढून विचारायचे, “हे गरगर फिरून राह्यलं ते सांगते काय? किती वेळ?”

मी म्हणायची, “थोडा वेळ, मालक.”

“थोडा म्हंजे किती? अर्धा मिनिटही थोडाच असते अन् अर्धा तासही थोडाच असते. मी जर चौकशीच्या खिडकीत बसून म्हणलो असतो का गाडी थोड्या वेळात येईल, तं लोकायनं मले कॉलर धरून बाहेर वढलं असतं.”

ते एसटीत कंट्रोलर होते. म्हणजे बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा बघणारा आणि माइकवरून ओरडणारा माणूस. शेवटची बरीच वर्षं मेहकर स्टँडवरच गेली. निवृत्तीनंतर स्टँडमागच्या गल्लीतल्या घराचा वरचा मजला त्यांनी मला ऑफिससाठी दिला. मी पुण्यात अकरा वर्षं वेबसाइटी आणि ॲप बनवायची नोकरी करून गावी परत आले होते. ऑफिसात मी आणि शबाना. शबाना इथलीच, तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. ती कोड लिहायची, मी पडदे कसे दिसावेत ते ठरवायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. मालकांना आम्ही नेमलेलं नव्हतं. ते रोज अकरा वाजता आपोआप वर येत.

त्यांच्या खिशात एक पुठ्ठा असायचा. पोस्टकार्डाएवढा, मधोमध बोटभर रुंदीची लांबट खिडकी कापलेली. पेपर, लग्नपत्रिका, विजेचं बिल, काहीही वाचायचं तर ते त्यावर पुठ्ठा ठेवून एकेक ओळ वाचत. मला आधी वाटलं नजर अधू असेल. तसं नव्हतं. स्टँडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या गाडीचा नंबर त्यांना बरोबर दिसायचा.

“अक्षरं चालतात,” ते म्हणाले. “वरची ओळ खाली येते, खालची वर जाते. लहानपणी मास्तर मारे. मंग एका जत्रेत तो डब्बा पाह्यला, एका भोकातून फोटो दाखवते तो. म्हणलं, हे बरं आहे. भोकात एकच फोटो येते, दुसऱ्याले जागाच नाई.”

मॅट्रिक तिसऱ्या खेपेला झाले ते त्या पुठ्ठ्याच्या जिवावर. पुढे नोकरीत गाड्यांचा तक्ताही त्यातूनच वाचला. या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात, असं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि म्हणाले, “असंल. पण आपला पुठ्ठा त्याच्या आधीचा आहे.”

हाच पुठ्ठा ते माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर धरत. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत नेत आणि खिडकीत एकाच वेळी दोन गोष्टी आल्या की थांबत. “इथं दोन गाड्या एका फलाटावर लागल्या, बाई.” बहुतेक वेळा ते बरोबर असत आणि मला त्याचा फार राग यायचा.

एका शाळेच्या वेबसाइटवर मी वरती पाच फोटो आपोआप सरकत राहतील असं केलं होतं. संस्थाचालकांना ते भलतंच आवडलं होतं. मालकांनी पाहिलं आणि शबानाला म्हणाले, “पोरी, गाडी फलाटावर उभी राह्यते म्हणून माणूस चढते. ही पळती गाडी कोणासाठी?”

“चाचा, एक दिवस तुमचा पुठ्ठा घरी ठेवून येत जा ना,” शबाना म्हणाली.

“मंग तुमच्या गाड्या कोण पकडल?”

बोलण्यातही त्यांची एक शिस्त होती. आधी गाडी, मग गाव, मग फलाट. आणि तेच शब्द दोनदा. तीस वर्षांत हा क्रम जिभेवर इतका बसला होता की घरातही सुटत नसे. खाली भाजीवाला आला की आवाज यायचा, “भाजीवाला. आळंदच्या मळ्यातला. कोपऱ्यावर उभा आहे.” आणि पुन्हा एकदा तेच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांच्या मंडळी हयात असताना म्हणायच्या, “लग्नातलं नावही दोनदा घेतलं ह्यायनं. लोक हसून हसून बेजार.” मी विचारलं, दोनदा कशाला? तर म्हणाले, “पहिल्यांदा माणसाले कळते का आपल्याले सांगून राह्यले. दुसऱ्यांदा कळते का काय सांगून राह्यले.”

त्यांचा आणखी एक हट्ट होता. गाडी रद्द झाली तर रद्दच म्हणायचं. “उशिरा येईल म्हणलं का माणूस बसून राह्यते. पाणी पीत नाई, जेवत नाई, लघवीले जात नाई, गाडी चुकल म्हणून. रद्द म्हणलं का शिव्या देते, पण उठून दुसरा रस्ता धरते.” त्यांच्याकडे वाईट बातमी गोड करून सांगायची पद्धतच नव्हती. माझ्या एका वेबसाइटबद्दल त्यांचं पूर्ण मत असं होतं: “रद्द करा.”

आता आरतीचं सांगते.

गावाबाहेर एका ताईंचा मसाल्याचा कारखाना होता. हळद, तिखट, धने दळून पाकिटं भरायची. वीसेक बायका कामाला. त्यांच्यासाठी मी हजेरीचं ॲप केलं होतं. आल्यावर बटण दाबायचं, कोणत्या टेबलावर बसायचं ते दिसायचं, काही अडलं तर मदतीचं बटण. तिथे आरती लागली. बीबी गावची, बावीस वर्षांची. ती स्वमग्न आहे. बोलते, पण कमी, आणि तुमच्याकडे न बघता. गर्दी, अचानक आवाज, ऐनवेळचे बदल तिला झेपत नाहीत. पण शंभर ग्रॅमचं पाकीट तिने भरलं की काट्यावर ठेवायची गरज नसायची. सकाळी आठ-दहाची, म्हणजे आठ वाजून दहाची, बस धरून एकटी यायची. हे एकटी येणं शिकवायला तिच्या आईने सहा महिने तिच्यासोबत बसचा प्रवास केला होता.

ताई मनाने चांगल्या होत्या, पण कारखाना चालवत होत्या. त्यांनी आईला स्वच्छ सांगितलं, “महिनाभर पाहते. हजेरी, टेबल, मदत, हे सारं तिचं तिनं फोनवर करावं लागेल. हात धरायला माझ्यापाशी बाई नाही. जमलं तर ठेवीन.”

म्हणजे आरतीची नोकरी माझ्या ॲपवर येऊन अडकली. हे मला पहिल्या आठवड्यात माहीतही नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिने बटण दाबलं आणि फोनमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. ही माझी कल्पना. हजेरी लागली की बायकांना बरं वाटावं म्हणून. आरती कान दाबून धन्याच्या पोत्यांमागे जाऊन बसली ती तासाभराने बाहेर आली. ताईंचा फोन आला, तेव्हा मालक समोरच बसले होते.

“टाळ्या?” ते म्हणाले. “काऊन? कामावर आली म्हणून?”

“प्रोत्साहन, मालक.”

“मी तीस वर्षं वेळेवर ड्युटीवर गेलो. कोणी टाळ्या वाजवल्या असत्या तं मलेही पोत्यामागं बसावं लागलं असतं.”

टाळ्या काढल्या. ज्याला आवाज हवा त्याने चालू करावा, आपण होऊन काही वाजणार नाही, असं केलं. नंतर कळलं की निम्म्या बायकांनी आधीच फोनचा आवाज बंद करून ठेवला होता. कोणी बोललं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात नेट गेलं. पडद्यावर लाल चौकट आली: ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा.’ आरतीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा केला. ॲप सांगत होतं म्हणून ती करत राहिली, आणि दर वेळी ॲप तिला चूक म्हणत राहिलं. शेवटी ती रडत घरी गेली. आई रात्री मला फोनवर म्हणाली, “ती म्हणते, मी चूक केली. काय केली ते सांगत नाई. ताई, काय केलं हो तिनं?”

तिने काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ती लाल चौकट पुठ्ठ्याच्या खिडकीतून वाचली. मग म्हणाले, “चूक कोणाची, ते तं लिहा. गाडी पंक्चर झाली तं मी माइकवर प्रवाशायले चूक म्हणू का?”

मग आम्ही तिघांनी बसून नवं वाक्य लिहिलं. आधी काय झालं, मग त्याचं काय होणार, मग आता काय करायचं. ‘नेट नाही. तुमची हजेरी फोनमध्ये जपून ठेवली आहे. कामाला बसा.’ लाल चौकट गेली. ‘लोडिंग’ही गेलं. त्या जागी आलं, ‘दहा सेकंद लागतील,’ आणि एकेक कमी होणारा आकडा. मालक तो आकडा शून्यावर येईपर्यंत बघत बसले. “आता ही गाडी झाली,” म्हणाले.

एवढं सगळं शिकून झाल्यावर मी तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात मोठा गाढवपणा केला.

हजेरीचं बटण पडद्याच्या खाली मधोमध होतं. रविवारी घरी बसून मी ते वर उजव्या कोपऱ्यात नेलं. पडदा एकदम नेटका दिसायला लागला. शबानालाही दाखवलं नाही. सोमवारी सकाळी ते सगळ्यांच्या फोनवर जाऊन बसलं.

नऊ वाजता ताईंचा फोन. “ती गेटवर उभी आहे. बटण दाबून राह्यली. बटणच नाही तिथं. कोणाला जवळ येऊ देत नाही. बाई, मी असं रोज नाही करू शकत.”

मी स्कूटी काढली. मालक पायऱ्यांशीच होते, काय झालं ते त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं आणि न विचारता मागे बसले. वाटेत काहीच बोलले नाहीत. दोनदा सांगणारा माणूस एकदाही बोलत नाही, म्हणजे काय ते मला कळत होतं.

आरती गेटला पाठ लावून उभी होती. फोनच्या खालच्या मोकळ्या जागेवर अंगठा दाबत होती, उचलत होती, दाबत होती. ओठ पांढरे पडले होते. आजूबाजूला चारपाच बायका, प्रत्येकीची वेगळी सूचना. “वर पाह्य ना बाई.” “आण, मी करते.” “अशी काऊन करून राह्यली ही?”

मालकांनी आधी बायकांना आत पाठवलं. मग ते आरतीच्या समोर न जाता तिच्या बाजूला, दोन हात अंतरावर, भिंतीला टेकून उभे राहिले. तीही भिंतीला टेकलेली, तेही. दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघतायत. आणि मग मी इतकी वर्षं ऐकलेला स्टँडचा आवाज आला, फक्त हळू.

“हजेरीचं बटण. वरती गेलं आहे. उजव्या कोपऱ्यात.”

थांबले. पाच आकडे मोजण्याइतके.

“हजेरीचं बटण. वरती गेलं आहे. उजव्या कोपऱ्यात.”

आरतीचा अंगठा थांबला. हळूच वर गेला. दाबलं. हजेरी लागली. मग तिने फोनकडेच बघत विचारलं, “काऊन?”

मालक माझ्याकडे वळले. “सांगा बाई. काऊन?”

पुण्यात मी या विषयावर लोकांना तासभर बोलून दाखवलेलं आहे. पडद्यावरची मोकळी जागा, नजरेचा प्रवास, वगैरे. त्या गेटवर माझ्याकडे एकच उत्तर होतं. “छान दिसतं म्हणून.”

आरतीने त्यावर थोडा विचार केला. “माह्याकडून काही झालं?”

“नाही. माझ्याकडून झालं.”

“बरं,” ती म्हणाली आणि आत कामाला गेली.

परत येताना मालक बोलायला लागले. स्टँडवर फलाट बदलायची वेळ यायचीच, रस्त्याचं काम, खड्डा, काहीतरी. बाकीचे कंट्रोलर नवा बोर्ड लावून मोकळे व्हायचे. मालक आठ दिवस आधीपासून माइकवर सांगत. आणि बदलाच्या दिवशी नव्या फलाटावर नाही, जुन्या फलाटावर स्वतः जाऊन उभे राहत. “नव्या फलाटावर जो पोचला त्याले सांगायची गरज काय? जो चुकला तो जुन्यावरच येते. माणूस जुन्या फलाटावर उभा करा, बाई.”

त्या दिवशी बटण परत खाली आणलं. पुढे वर्षभराने खरंच ते हलवायची गरज पडली, तेव्हा आठ दिवस आधी सगळ्यांच्या फोनवर सांगितलं, आणि जुन्या जागीही एक बटण ठेवलं, जे दाबलं तरी हजेरी लागायची. शबानाने कोडमध्ये त्या बटणाचं नाव ‘चाचा’ ठेवलं. ते अजून आहे. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला घेतली की विचारतात हे दुसरं बटण कशाला, आणि शबाना म्हणते, हात लावायचा नाही.

महिना संपला तेव्हा ताईंनी आरतीला ठेवून घेतलं. कौतुक वगैरे काही केलं नाही. “आता माझ्या म्हाताऱ्या बायाही मला विचारायला येत नाहीत,” एवढंच म्हणाल्या. मला ते पुरेसं होतं.

कारखान्याला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी आरती आमच्याकडे यायला लागली. नवा पडदा झाला की आधी तिला दाखवायचा आणि तिला त्या कामाचे पैसे द्यायचे, हे मी ठरवलं. दया म्हणून नाही. मालकांचा पुठ्ठा ज्या चुका पकडत नसे त्या ती पकडायची. ‘येथे जा’ असं लिहिलेलं तिला चालायचं नाही, येथे म्हणजे कुठे? ‘जवळपास पूर्ण’ चालायचं नाही. एकदा मी एका फॉर्मवर ‘घाबरू नका, सोपं आहे’ असं लिहिलं. तिने वाचलं आणि विचारलं, “घाबरायचं काय आहे ह्यात?” ते वाक्य काढलं.

ती दहा-वीसला स्टँडवर उतरायची. जिन्याच्या पायथ्याशी मालक लोखंडी खुर्ची टाकून बसलेले असत. ती त्यांच्यासमोर दोन हातांवर उभी राहायची आणि थांबायची. मालक रस्त्याकडे बघत म्हणायचे, “बीबीवरून आलेली आरती. वरती जाईल. शबाना वर आहे.” आणि पुन्हा एकदा. मग ती जिना चढायची. पहिल्यांदा त्यांनी ते गमतीने केलं असावं. दुसऱ्या गुरुवारी तिने वाट पाहिली, तेव्हा ती गंमत उरली नाही. एकदा त्यांना ताप होता. मुलगी अकोल्याहून आलेली, ती म्हणाली, “बाबा, अंथरुणातून उठू नका.” ते शाल गुंडाळून दहा-पंधराला खाली आले, दोनदा ओरडले आणि परत जाऊन झोपले.

गेल्या हिवाळ्यात ते मुलीकडे अकोल्याला गेले आणि शनिवारी पहाटे तिथेच वारले. झोपेत. आम्ही दोघी जाऊन आलो. मुलीने त्यांचा पुठ्ठा माझ्या हातात दिला. कडांना काळा पडलेला, खिडकी बोटांनी गुळगुळीत झालेली. मी तो पर्समध्ये टाकला आणि संध्याकाळी एका दवाखान्याच्या वेबसाइटचं काम होतं, ते पूर्ण केलं.

बुधवारी आरतीच्या आईचा फोन आला. “ताई, सोमवारपासून कामावर जायलेच तयार नाई. घरात बसून राह्यते. जेवतही नाई धड.”

“तिला काय सांगितलं तुम्ही?”

“सांगितलं ना. काका देवाघरी गेले म्हणलं. तं विचारते, परत कवा येतात. मी म्हणलं, बाई, ते आता आराम करून राह्यले. तं म्हणते, आराम झाला का येतील, मी वाट पाह्यतो. कारखान्यातल्या ताई म्हणल्या, या आठवड्यात आली नाई तं दुसरी बाई पाहावी लागेल. गुरुवारची तेवढी येतो म्हणते तुमच्याकडं. काय करू?”

“येऊ द्या,” मी म्हणाले.

गुरुवारी दहाला मी लोखंडी खुर्ची जिन्याखालून काढली, पुसली आणि त्यांच्या जागी टाकून बसले. शबाना वरून डोकावून गेली.

दहा-वीसला आरती आली. दोन हातांवर थांबली. खुर्चीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, खुर्चीकडे.

मी रस्त्याकडे बघत म्हणाले, “मालक. वारले. परत येणार नाहीत.”

पाच आकडे मोजले.

“मालक. वारले. परत येणार नाहीत.”

गल्लीतून एक दूधवाला मोटारसायकल दामटत गेला. आरती आवाज जाईपर्यंत कान दाबून उभी राहिली. मग हात खाली घेतले.

“रद्द?”

“हो. रद्द.”

“उशिरा नाई?”

“उशिरा नाही. रद्द.”

तिचा चेहरा हलला. ती रडली, पण फार वेळ नाही. ओढणीने नाक पुसून तिने विचारलं, “अन् आठ-दहाची?”

“कोणती आठ-दहाची?”

“कामाची. ती आहे?”

“आहे. रोजची. उद्याही आहे.”

तिने मान हलवली. पण पायरीवर पाय टाकला नाही. तशीच उभी. मला कळायला जरा वेळ लागला. मग मी घसा साफ केला. “बीबीवरून आलेली आरती. वरती जाईल. शबाना वर आहे.”

ती हलली नाही.

“दोनदा,” ती म्हणाली.